बोटभर बूच, इंजिनाचा जीव

नळयोजनेच्या पाइपाचे खालच्या आळीतले एक तोंड उघडे राहिले, तर वरच्या आळीत हंडा भरत नाही. हे आपल्या आयाबहिणींना कुणी शिकवावे लागत नाही. पाणी असते, पण त्याला जोर उरत नाही. वाचकहो, मोटारीच्या इंजिनातल्या तेलाचेही अगदी असेच असते, आणि शर्यतीच्या इंजिनात तर या जोरावर माणसाचा जीव टांगलेला असतो.

अमेरिकेतल्या शेवरोले कंपनीचे एक इंजिन आम्ही उदाहरणासाठी घेतो. १९५५ सालच्या मोटारींसाठी कंपनीने आठ सिलिंडरचे हे इंजिन काढले. 'स्मॉल ब्लॉक' या नावाने ते ओळखले जाते. शर्यतीसाठी ते खोलून पुन्हा बांधणारे कारागीर तिकडे गावोगावी झाले.

या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा. त्यात तेल खेळवण्यासाठी लांबच लांब ड्रिल घालून आरपार छिद्रे पाडतात. त्यांना गॅलरी म्हणतात. मधल्या गॅलरीतून क्रँकच्या बेअरिंगना तेल जाते, बाजूच्या दोन गॅलऱ्यांतून लिफ्टरना. ड्रिल बाहेरून आत शिरले, म्हणजे त्याचे तोंड बाहेर उघडे राहणारच. ही तोंडे बुचांनी बंद करावी लागतात. पुढच्या बाजूच्या तीन तोंडांत कारखान्यात वाटीसारखी पत्र्याची बुचे ठोकून बसवत, मागच्या बाजूला आट्यांची बुचे.

बूच एवढेसे, मग एवढी चिंता कशाला? कारण असे. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात साधारण ०.०६ मिलिमीटर फट असते, म्हणजे डोक्याच्या केसाएवढी. त्या फटीत दाबाखालच्या तेलाचा थर असतो आणि त्या थरावर क्रँक तरंगतो. इंजिन मिनिटाला ७,००० फेरे घेते तेव्हा सेकंदाला शंभराहून अधिक फेरे होतात. दर हजार फेऱ्यांमागे दहा पौंड दाब हवा, असा जुन्या कारागिरांचा ठोकताळा आहे. म्हणजे इथे सत्तर पौंड.

आता पुढचे एक बूच निसटले असे समजा. तेल इंजिनाच्या आतच, टायमिंग चेनच्या झाकणामागे गळते आणि खालच्या तेलाच्या टाकीत परत जाते. बाहेर थेंब दिसत नाही. तेल मोजण्याची काडी पूर्ण भरलेली दाखवते. फक्त दाबाचा काटा पडतो. तो ड्रायव्हरच्या ध्यानात येईपर्यंत बेअरिंग करपते, कनेक्टिंग रॉड तुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. मागचे बूच गळले, तर तेल क्लचजवळून बाहेर पडते आणि गाडीखाली सांडते. ते स्वतःच्याच मागच्या टायरखाली आले, तर भरधाव गाडी भिंतीवर जाते.

म्हणून चांगला कारागीर ब्लॉक हाती येताच आधी सगळी बुचे काढतो. सिलिंडर बोअर करताना पडलेला लोखंडाचा कीस बुचामागच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, तो नुसत्या धुण्याने निघत नाही. आट्यांचे बूच गंजून घट्ट बसले असेल, तर गॅसच्या ज्योतीने तापवून त्याला मेण लावतात. मेण वितळून आट्यांत उतरते आणि बूच सुटते. मग लांब ब्रश, साबणाचे गरम पाणी, कंप्रेसरची हवा आणि लगेच तेलाचा हात, नाहीतर बीड गंजते.

त्यानंतर पुढच्या तीन तोंडांना टॅप मारून तिथेही आट्यांची बुचे बसवतात. ठोकलेली वाटी दाबाने निघण्याची भीती असते, आट्यांचे बूच सहसा दगा देत नाही. पण इथेही धीर हवा. हे आटे निमुळते असतात. पाना जास्त ओढला तर बिडाला तडा जातो. बूच फार खोल गेले तर आडवी जाणारी वाट बुजते आणि गळती थांबवायला लावलेले बूचच बेअरिंगला उपाशी मारते. आट्यांवर नळाची पांढरी टेप गुंडाळू नये. तिचा तुकडा सुटून तेलाच्या बारीक वाटेत अडकतो. पातळ सीलंटचे बोट पुरे.

एक बूच तर सहज दिसतही नाही. ते क्रँकच्या मागच्या बेअरिंगच्या टोपीखाली असते आणि पंपाचे तेल फिल्टरकडे वळवते. ते विसरले, तर इंजिन चालू होते, दाबही दिसतो, पण तेल न गाळताच बेअरिंगकडे जाते. उलट काही कारागीर पुढच्या एका बुचाला पाऊण मिलिमीटरचे भोक मुद्दाम पाडतात, टायमिंग चेनवर तेलाची धार पडावी म्हणून. एकच भोक, पण जाणून पाडलेले आणि चुकून राहिलेले, यांत केवढे अंतर!

शेवटी इंजिन चालू करण्याआधी डिस्ट्रिब्यूटरच्या जागेतून दांडी घालून ड्रिल मशीनने तेलाचा पंप फिरवतात. काटा चढला, वरच्या प्रत्येक रॉकरला तेल पोचले, की मगच स्टार्टर.

शर्यत जिंकल्यावर फोटो ड्रायव्हरचा निघतो. बूच बसवणाऱ्याचा हात झाकणाआड राहतो. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टरच्या ब्लॉकमध्येही अशा वाटा आणि अशी बुचे असतात, आणि ते ब्लॉक खोलणारी मुले आपल्या घरांतही आहेत. कुणी आयटीआयला जाते, कुणी गॅरेजात हाताखाली काम शिकते. त्यांना आमचे एवढेच सांगणे: काढलेले प्रत्येक बूच ताटलीत ठेवा, आकडा ब्लॉकवर खडूने लिहा, आणि झाकण लावण्याआधी पुन्हा मोजा. उस्ताद घाई करत असला तरी मोजा.