ओठावरचा फोड आणि वेगळा ठेवलेला पेला

पंगतीत शेजारी बसलेल्या नातलगाच्या ओठाच्या कडेला बारीक फोडांचा पुंजका दिसतो, कोणीतरी हळूच ‘हर्पीस’ हा शब्द उच्चारते आणि त्या दिवसापासून घरातील एखादा तरुण तासातासाला आरसा पाहू लागतो. पाणी प्यायलो तो पेला कोणाचा होता, थुंकी लावून मोजलेल्या नोटांतून काय आले असेल, या विचारांनी त्याची झोप उडते. काही घरांत तर फोड आलेल्या सुनेचे ताट आणि पेला कायमचे वेगळे होतात.

हा फोड बहुधा हर्पीस सिम्प्लेक्सच्या पहिल्या प्रकारच्या विषाणूमुळे येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील ५० वर्षांखालील सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात तो आहे. बहुतेकांना तो बालपणी, आप्तांनी घेतलेल्या पाप्यांतूनच मिळालेला असतो. पुष्कळांना फोड कधीच येत नाही. विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत सुप्त राहतो आणि ताप, कडक ऊन, अतिश्रम यांच्या निमित्ताने पुन्हा डोके वर काढतो. लग्नघाईनंतर उठलेला फोड त्या लग्नातच लागला, असे म्हणूनच ठरविता येत नाही. नागीण मात्र निराळी. तिचा विषाणू कांजिण्यांचा.

त्याचा प्रसार मुख्यतः फोड, लाळ व तोंडाभोवतीची त्वचा यांच्या प्रत्यक्ष स्पर्शाने होतो. शरीराबाहेर तो फार तग धरीत नाही. हस्तांदोलन, शेजारची गादी, गल्ल्यातील नोटा यांचे भय बाळगण्याचे कारण नाही. (थुंकी लावून नोटा मोजण्याची सवय सोडावी, ती इतर कारणांसाठी!) उष्टे न ठेवणे, माठात दांडीचा डोया वापरणे, प्यालेला पेला पुसून ठेवणे हे आपले रिवाज जीवदयेपोटी आले, येथेही ते उपयोगी पडतात. फोड असेतोवर पेला व टॉवेल वेगळा ठेवावा. तो साधारणतः दहा दिवसांत भरतो. पुढे वेगळेपणाचे प्रयोजन उरत नाही.

खरी काळजी अन्यत्र घ्यावयाची. फोड असलेल्याने तान्ह्या बाळाची पापी कदापि घेऊ नये; नवजाताला हा संसर्ग प्राणघातक ठरू शकतो. फोडाचा हात डोळ्यांना लावू नये. डोळा लाल होऊन दुखल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

नावामुळे सोयरिकीत कुजबुज होते, तीही अज्ञानाची. ओठावरच्या फोडावरून कोणाचे चारित्र्य ठरत नाही.

आरसा पाहणाऱ्या तरुणाने लक्षणे नसताना रक्ततपासणीच्या मागे लागू नये. ती संसर्ग कधी आणि कोठून झाला, हे सांगू शकत नाही. भीतीपायी दुकान व झोप दोन्ही सुटत असतील, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात संकोच कसला?