टाकी मोठी, तोटी बारीक

दहावीचा निकाल लागला, की मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत एकच प्रश्न निघतो : लातूरला खोली मिळेल का? 'लातूर पॅटर्न' या नावाने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासपद्धतीमुळे नांदेड, परभणी, बीड, धाराशिव या जिल्ह्यांतले विद्यार्थी दरवर्षी अकरावी-बारावीसाठी आणि प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी लातूर गाठतात. त्यांच्यासाठी शहरात ठिकठिकाणी खोल्या भाड्याने दिल्या जातात. आता किनवटच्या एखाद्या शेतकऱ्याला नुसती खोली पाहायला लातूरला यायचे, तर अख्खा दिवस मोडतो, एस.टी.चे भाडे पडते. आणि खोली पसंत पडली नाही, तर पुन्हा हेलपाटा!

यावरचा उपाय आज बहुतेकांच्या खिशात आहे. घरमालकाने फोनचा कॅमेरा सुरू करून खोलीभर फिरावे आणि पालकांनी गावी बसून ते पाहावे. नुसत्या फोटोपेक्षा हे केव्हाही चांगले. फोटो पाच वर्षांपूर्वीचाही असू शकतो. थेट चित्रात मात्र "जरा नळ सोडून दाखवा हो" असे म्हणता येते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

पण होते काय, की नेमके नळ सोडण्याच्या वेळी चित्र गोठते. मग घरमालक अधिक डेटाची महाग योजना घेतो. चित्र तरीही गोठतेच! असे का व्हावे? उत्तर शोधायला थोडे गणित आणि थोडे भौतिकशास्त्र पुरेल. दोन्ही तुम्हाला येते.

टाकी आणि तोटी

घराच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे. पण तिला बसवलेली तोटी अगदी बारीक आहे. बादली भरायला किती वेळ लागेल? टाकी दोन हजार लिटरची केली, तर बादली लवकर भरेल का? मुळीच नाही. टाकीचा आकार आणि तोटीची धार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोबाइल इंटरनेटचेही तसेच आहे. 'रोज दीड गिगाबाइट' ही झाली टाकी. दर सेकंदाला किती बिट जातात, ही झाली तोटीची धार. रिचार्जच्या जाहिरातीत टाकीचा आकार ठळक छापलेला असतो. थेट चित्राला मात्र टाकीइतकीच धारही लागते. आणि तोट्याही दोन असतात : एक आत येणारी, म्हणजे डाउनलोडची, दुसरी बाहेर जाणारी, म्हणजे अपलोडची. खोली दाखवणाऱ्याचे काम या दुसऱ्या तोटीवर चालते. कोणती योजना घ्यावी हे ठरवताना हा फरक पहिल्यांदा ध्यानात घ्यायला हवा.

एका सेकंदात किती बिट?

आता धार किती हवी, ते काढू या. समजा, चित्र ६४० आडव्या आणि ४८० उभ्या ठिपक्यांचे आहे. म्हणजे एकूण ३,०७,२०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट लागतात. सेकंदाला अशी २५ चित्रे पाठवायची, तर गुणाकार येतो सुमारे १८ कोटी ४३ लाख बिट दर सेकंदाला. म्हणजेच १८४ मेगाबिट! एवढी अपलोडची धार सामान्य फोनला क्वचितच मिळते.

तरीही व्हिडिओ कॉल चालतो, कारण फोन चित्र 'आवळून' पाठवतो. त्यासाठी दोन युक्त्या वापरतात. पहिल्या युक्तीत चित्राचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोन हा अनेक लहरींची बेरीज आहे असे मानतात. ज्या बारीक लहरींतला फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही, त्या टाकून देतात किंवा ढोबळपणे नोंदवतात. या युक्तीमागचे गणित १९७४ साली प्रसिद्ध झाले. ते मांडणाऱ्या तिघांची नावे होती नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव. यांतले नासिर अहमद मूळचे बेंगळुरूचे.

दुसरी युक्ती अधिक सोपी आहे. आधीच्या चित्रात आणि आताच्या चित्रात जेवढा बदल झाला, तेवढाच पाठवायचा. भिंत जागची हललीच नाही, तर ती पुन्हा कशाला पाठवायची?

या दोन्ही युक्त्यांमुळे १८४ मेगाबिटचे काम साधारण १ मेगाबिटमध्ये भागते. चित्र अधिक स्पष्ट हवे असेल, म्हणजे १२८० गुणिले ७२० ठिपक्यांचे, तर सुमारे अडीच मेगाबिट धरा. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांना साडेचार धरा. हे आकडे अंदाजाचे आहेत. फोन आणि ॲपनुसार ते कमीजास्त होतात.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. फोन गरागरा फिरवला, तर प्रत्येक चित्र आधीच्या चित्राहून वेगळे होते. पाठवायचे बिट वाढतात आणि चित्र फुटते. अंधारात कॅमेऱ्याला जे दाणेदार चित्र दिसते, त्यातले दाणेही क्षणोक्षणी बदलतात आणि बिट खातात. म्हणून खिडकी उघडा, दिवा लावा, फोन सावकाश फिरवा. या उपायाला एक पैसाही लागत नाही.

टाकी किती मोठी हवी?

आता टाकीचा हिशेब. १ मेगाबिटच्या धारेने १० मिनिटे, म्हणजे ६०० सेकंद, खोली दाखवली. झाले ६०० मेगाबिट. ८ बिटांचा १ बाइट, म्हणून ८ ने भागा. उत्तर येते ७५ मेगाबाइट. अशा सहा खोल्या एका दिवसात दाखवल्या, तर ४५० मेगाबाइट. रोजच्या दीड गिगाबाइटमधून हे सहज भागते.

हेच काम साडेचार मेगाबिटने केले तर? एका खोलीला सुमारे ३३८ आणि सहा खोल्यांना दोन गिगाबाइटहून थोडे अधिक. दीड गिगाबाइटची टाकी चौथ्या खोलीनंतर जवळजवळ रिकामी! म्हणजे योजना तीच, काम तेच. फक्त फोनमधली चित्राची प्रत बदलली, की हिशेब पार बदलतो.

रोजचा डेटा संपला, की बहुतेक योजनांत वेग सेकंदाला ६४ किलोबिट किंवा त्याहून कमी होतो. आपल्याला हवे आहेत १००० किलोबिट. म्हणजे एका सेकंदाचे चित्र पाठवायला जवळजवळ सोळा सेकंद लागणार. आवाजाला फार थोडे बिट लागतात, म्हणून बोलणे कसेबसे ऐकू येते आणि चित्र मात्र थांबते.

पाच कुटुंबांना तीच खोली दाखवायची असेल, तर पाच वेगळे कॉल करू नका. थेट प्रक्षेपणात तुमचा फोन चित्र एकदाच वर पाठवतो. त्याच्या प्रती दूरचा सर्व्हर काढतो. पाच वेळचे ३७५ मेगाबाइट वाचून ७५ वरच काम होते. पाहणाऱ्याचा डेटा अर्थातच त्याच्या खात्यातून जातो. व्हिडिओ कॉलच करायचा असेल, तर पाहणाऱ्यांना आपापला कॅमेरा बंद ठेवायला सांगा. त्यांचे चित्र तुमच्याकडे येण्यातही तुमचा डेटा खर्च होत असतो.

फोनचा आवाज लहान

टाकीचे झाले. आता त्या बाहेर जाणाऱ्या तोटीकडे वळू. ती बारीक का असते?

मैदानात ध्वनिक्षेपकावरून बोलणाऱ्याचे शब्द शेवटच्या रांगेत ऐकू येतात; पण शेवटच्या रांगेतल्या मुलाने दिलेले उत्तर व्यासपीठावर पोचत नाही. मोबाइलचा मनोरा दहापट-वीसपट नव्हे, शंभराहून अधिक पट मोठ्याने 'बोलतो'. त्याचा प्रेषक काही दशक वॅटचा असतो. तुमचा ४जी फोन मात्र साधारण जास्तीत जास्त ०.२ वॅट शक्तीने लहरी सोडतो. म्हणून मनोऱ्याचे फोनला स्पष्ट ऐकू येते, फोनचे मनोऱ्याला तितके येत नाही. फोनवरच्या उभ्या काड्या सांगतात त्या फोनला काय ऐकू येते ते. मनोऱ्याला काय ऐकू येते ते नव्हे! चार काड्या असूनही चित्र गोठण्याचे एक कारण हे आहे.

शिवाय आपल्याकडे ४जीच्या २३०० मेगाहर्ट्झ आणि ५जीच्या ३३०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत एकाच कंप्रतेवर आळीपाळीने येणे-जाणे चालते. त्यात वेळेचा मोठा वाटा डाउनलोडला दिलेला असतो, कारण बहुतेक लोक पाठवतात कमी आणि पाहतात जास्त.

त्यात भिंतींची भर पडते. तरंगलांबी काढण्यासाठी प्रकाशाच्या वेगाला कंप्रतेने भागा. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटिमीटर लांब, तर ३३०० मेगाहर्ट्झची अवघी ९ सेंटिमीटर. सर्वसाधारणपणे लांब लहरी भिंतीतून आणि कोपऱ्यावरून वळून आत शिरण्यात सरस असतात. आखूड लहरींची शक्ती काँक्रीटमध्ये लवकर संपते. पत्र्याच्या खोलीत अडचण आणखी वाढते, कारण धातू रेडिओलहरी परतवून लावतो. त्यामुळे गच्चीवर ५जी जोरात धावते आणि आतल्या खोलीत फोन ४जीवर उतरतो. काही योजनांत ५जीवरचा डेटा मोजला जात नाही. पण फोन ४जीवर उतरला, की रोजच्या टाकीतून मोजणी सुरू होते. म्हणून 'अमर्याद' हा शब्द दिसला, की त्याखालच्या अटी वाचा.

शेवटचे कारण गर्दीचे. लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. पहाटे तिथून सायकल भरधाव जाईल. बाजाराच्या वेळी तीच सायकल हातात धरून चालावे लागेल. मनोऱ्याची क्षमताही अशीच वाटून घेतली जाते. शिकवणीचे वर्ग सुटले आणि शेकडो मुलांनी एकाच वेळी फोन उघडले, की प्रत्येकाच्या वाट्याला थोडे येते. खोली दुपारी दाखवली, तर तीच योजना अधिक चांगली चालू शकते.

मग योजना कशी निवडावी?

आधी मोजा, मग पैसे भरा. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांनी आपली सेवा कुठे पोचते याचे नकाशे संकेतस्थळावर देणे बंधनकारक झाले आहे. ते पाहा, पण नकाशाला तुमच्या खोलीची भिंत ठाऊक नसते. म्हणून शेजाऱ्यांकडे, नातेवाइकांकडे ज्या ज्या कंपन्यांची सिमे असतील, ती प्रत्यक्ष खोलीत तपासा. वेग मोजणाऱ्या ॲपमधला अपलोडचा आकडा लिहा. तीन वेळा मोजून त्यांतला सर्वांत लहान आकडा धरा, सरासरी नको. साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीपाशीच तुटते. १ मेगाबिटच्या चित्रासाठी हा लहान आकडा निदान २ तरी असावा.

मग पैशांचा हिशेब. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. योजना 'अ' : २८ दिवस, रोज दीड गिगाबाइट, ३०८ रुपये. म्हणजे दिवसाला ११ रुपये. योजना 'ब' : २८ दिवस, रोज तीन गिगाबाइट, ४२० रुपये. दिवसाला १५ रुपये. दर गिगाबाइटला 'ब' स्वस्त दिसते. पण रोजचा न वापरलेला डेटा मध्यरात्री संपतो! महिन्यात फक्त तीनच दिवस जादा डेटा लागणार असेल आणि एक गिगाबाइटची पुरवणी २० रुपयांना मिळत असेल, तर 'अ' आणि तीन पुरवण्या मिळून ३६८ रुपये होतात. ५२ रुपये वाचले. खोल्या दाखवण्याचा हंगाम मुख्यतः निकालानंतरच्या काही आठवड्यांचा असतो. त्यासाठी वर्षभराची मोठी टाकी कशाला? आणखी एक गोष्ट : २८ दिवसांची योजना 'महिन्याची' नव्हे. वर्षात अशी १२ नव्हे, १३ रिचार्ज करावी लागतात. म्हणून तुलना नेहमी दर दिवसाच्या खर्चाची करा.

करून पाहा

गच्ची, दारासमोरची जागा, दार बंद केलेली आतली खोली आणि जिना अशा चार जागा निवडा. सकाळी ७, दुपारी ३ आणि रात्री ९ वाजता प्रत्येक जागी डाउनलोड आणि अपलोड मोजून तक्ता करा. या मोजणीतही डेटा खर्च होतो, म्हणून ती बेताने करा. वर्गातल्या मुलांनी आपापल्या गल्लीचे तक्ते आणले, तर शिक्षकांना त्यांतून गावाचा नकाशा फळ्यावर काढता येईल. कोणत्या कंपनीची धार कुठे आटते, ते एका नजरेत कळेल.

खोली दाखवताना तिथे राहणाऱ्या मुलांची परवानगी आधी घ्या. त्यांचे सामान, त्यांचे चेहरे जगाला दाखवायचे नाहीत. आणि पाहणाऱ्यांनो, चित्र कितीही स्वच्छ असले, तरी अनामत रक्कम देण्यापूर्वी लातुरातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला तिथे एकदा पाठवा. नळाची धार फोनवर दिसते. पाण्याची चव मात्र जाऊनच घ्यावी लागते.