तुळस वाळते, बोल मात्र सुनेला



गेल्या उन्हाळ्यात खोडव्याची पाहणी करण्यासाठी एका सभासदांच्या वस्तीवर गेलो होतो. प्लॉट पाहून चहाला बसलो, तोच त्यांच्या आईंनी अंगणातले वृंदावन दाखवले. "सायेब, उसाचं एवढं सांगता, मग आमची तुळस का जगंना ते बी सांगा. ही तिसरी. सुनंच्या हातालाच गुण न्हाई." सून दारातच उभी होती. काही बोलली नाही.

मी म्हटले, "मावशी, आधी मुळं बघूया." रोप उपटायला जोर लावावाच लागला नाही. मुळे काळी पडलेली, मातीला आंबूस वास. चौकशी करता कळले, घरात माणसे सात, आणि आंघोळ झाली की प्रत्येकाचा तांब्या तुळशीला! वृंदावन नवे, विकतचे, सिमेंटचे. तळाला भोकच नाही. शिवाय पुढे नवीन पत्रा काढल्यामुळे त्यावर दिवसभर सावली. ऊन नाही म्हणून पाण्याचा खप नाही, आणि उरलेल्या पाण्याला वाट नाही.

मुळांनाही हवा लागते. मातीतील पोकळी पाण्याने भरली की ती गुदमरून कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढत नाही, म्हणून ओल्या मातीतही रोप मान टाकते. आपल्याला वाटते तहान लागली, आणि आपण आणखी एक तांब्या ओततो. चिबड रानात ऊस पिवळा पडतो तो याच कारणाने. रानातले हे ज्ञान आपण अंगणात का विसरतो, कोण जाणे.

छिन्नीने तळाला भोक पाडले, त्यावर खापरीचा तुकडा ठेवला. माती, वाळू व कुजलेले शेणखत भरून नवे रोप लावले आणि वृंदावन पत्र्याबाहेर सरकवले. तुळशीला रोज निदान ५-६ तास ऊन पाहिजे. पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत घालावे; कोरडे लागले तरच घालावे. उन्हाळ्यात बहुधा रोज लागेल, पावसाळ्यात कित्येक दिवस लागणार नाही. मातीची कुंडी लवकर सुकते, प्लॅस्टिकची उशिरा. मंजिऱ्या खुडत राहिल्यास झाड जास्त टिकते. बाकीच्यांनी भक्तीपुरते पळीभर घालावे, हे मात्र मावशींना जरा जपूनच सांगितले.

मोगऱ्याचेही तसेच, सावलीत नुसता पाला, फुले नाहीत. मनीप्लँट घरात खिडकीजवळ चालतो. पण घरातले कोणतेही रोप एकदम कडक उन्हात ठेवू नये, पाने करपतात. ८-१० दिवसांत थोडे थोडे सरकवावे. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो. अशा ठिकाणी पावसाचे पाणी साठवून वापरावे.

कार्तिकात त्या घरून तुळशीच्या लग्नाचे बोलावणे आले. तुळस गुडघ्याच्या वर गेली होती. पाण्याचे काम आता एकट्या सुनेकडे आहे. शेजारणीने तांब्या उचलला तेव्हा मावशीच म्हणाल्या, "थांब गं, आदी बोट घालून बघ."