यंत्रावरील आंकडे आणि तुटलेली तार

मृगाचा पाऊस पडून वापसा आला, कीं वऱ्हाडांतील शेतकऱ्यास घटकाघटका मोलाची होते. काळ्या जमिनीचा स्वभावच असा, कीं ओल अधिक असतां औत रुततें आणि ओल उडाली म्हणजे बीं वर येत नाहीं. गेल्या खरिपांत नेमक्या अशाच वेळीं मूर्तिजापुराजवळील शेतांत आमचा मोठा ट्रॅक्टर मंदावला. इंजिन बंद पडलें नाहीं. परंतु त्याचा जोर निम्म्यावर आला, समोर पिवळा दिवा लागला आणि पडद्यावर '१०५' व '३' असे दोन आंकडे उमटले. एका कारागिरानें ते पाहून हवेच्या उष्णतेचा सेन्सर बदलला. पैसे गेले, दोन दिवस गेले; दिवा मात्र तसाच राहिला. दोष सेन्सरांत नव्हताच. तो कोठें होता व कसा सांपडला, हें आमच्या शेतकरी बंधूंस सांगावें, म्हणून हा लेख लिहीत आहों.

मूर्तिजापूरकरांस इंजिन नवें नाहीं. यवतमाळ व अचलपूर या दोन्ही बाजूंस येथून जाणारी शकुंतला गाडी, मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेल्या वाफेच्या इंजिनानें १९२३ पासून सत्तर वर्षांवर ओढली. १५ एप्रिल १९९४ रोजीं त्या इंजिनाची जागा डिझेल इंजिनानें घेतली. आतां ती गाडीहि बंद आहे. त्या काळीं चालक कान लावून दोष ओळखी. पुढें जून २०२२ मध्यें लोणी ते आपल्या तालुक्यांतील माना या टप्प्यांत ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला व त्याची जागतिक विक्रमांत नोंद झाली. रस्त्यावर काय नि शेततळ्यावर काय, अवजड यंत्रें आतां आपल्या नित्याचीं झालीं आहेत. मात्र त्यांचा दोष केवळ कानानें कळेनासा झाला आहे.

याचें कारण धुराविषयींचे नवे नियम. बांधकामाच्या यंत्रांस चौथ्या टप्प्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले आणि ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून. डिझेलच्या धुरांत मुख्य अपायकारक पदार्थ दोन : एक काजळी व दुसरे नत्राचे विषारी वायु. कांहीं यंत्रांत धुराचा थोडा भाग पुनः इंजिनांत सोडून ज्वालेची उष्णता कमी करतात, म्हणजे नत्रवायु कमी होतात. कांहींत काजळी गाळण्याची जाळी असते. तींत सांठलेली काजळी सुमारें ६०० अंश उष्णतेवर जाळून टाकली जाते. कांहींत युरियाचें द्रावण फवारून नत्रवायूचें निरुपद्रवी नत्र व पाणी करतात. प्रत्येक यंत्रांत हें सर्व असतेंच असें नाहीं. परंतु जें असेल त्यावर एक लहान संगणक देखरेख करतो, व त्याचे डोळे म्हणजे हे सेन्सर. डोळ्यांवर भरंवसा राहिला नाहीं, कीं तो इंजिनाचा जोर मुद्दाम कमी करतो.

आंकड्यांचा अर्थ

बहुतेक अवजड यंत्रें दोष दोन आंकड्यांनीं सांगतात. पहिला आंकडा दोष कोणत्या ठिकाणीं आहे तें सांगतो : १०० म्हणजे तेलाचा दाब, ११० म्हणजे इंजिनाच्या पाण्याची उष्णता, १०५ म्हणजे इंजिनांत शिरणाऱ्या हवेची उष्णता, ३२५१ म्हणजे काजळीच्या जाळीच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक. दुसरा आंकडा दोष कोणत्या जातीचा तें सांगतो, आणि खरी ग्यानबाची मेख येथेंच आहे. ० म्हणजे मोजलेली गोष्ट खरोखरच मर्यादेबाहेर वाढली. १ म्हणजे ती खरोखरच घटली. अशा वेळीं तारा धुंडाळण्यांत अर्थ नाहीं. परंतु ३ म्हणजे विजेचा दाब प्रमाणाबाहेर अधिक, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे प्रवाह तुटलेला, ६ म्हणजे प्रवाह नको तितका वाढलेला. हे चार आंकडे दिसले, कीं दोष विजेच्या मार्गांत आहे असें समजावें. या मार्गांत सेन्सर हा एकच मणी आहे. तारा, जोड, फ्यूज व भूमीची तार हेहि त्याच माळेंतले होत. म्हणून आंकडा सेन्सराचें नांव घेतो म्हणून सेन्सरच बदलावा, हें योग्य नव्हे.

शोध कसा घ्यावा

पहिली गोष्ट ही, कीं सर्व आंकडे कागदावर उतरून घेतल्याखेरीज ते पुसूं नयेत. नंतर बॅटरी पाहावी. बारा व्होल्टच्या चांगल्या बॅटरींत इंजिन बंद असतां सुमारें साडेबारा व चालू असतां सुमारें चौदा व्होल्ट दिसतात. बॅटरीचे खांब सैल किंवा भूमीची तार गंजलेली असेल, तर एकाच वेळीं पुष्कळ खोटे आंकडे उमटतात. अनेक सेन्सर एकदम बिघडत नाहींत. त्यांची सामायिक तार बिघडते.

यानंतर डोळ्यांनीं पाहणें. गोठ्याशेजारीं उभ्या यंत्राच्या तारा उंदीर कुरतडतात, पावसाळ्यांत जोडांत हिरवा गंज चढतो, जोरानें पाणी मारून धुतल्यास जोडांत पाणी शिरतें.

मग मल्टिमीटर. आमच्या ट्रॅक्टरचा हा सेन्सर दोन तारांचा आहे. अशा मार्गांत संगणक स्वतः सुमारें ५ व्होल्ट सोडतो. इंजिन बंद ठेवून व किल्ली फिरवून आम्हीं सेन्सराचा जोड काढला. दोन टोकांमध्यें ५ व्होल्ट दिसावयास हवे होते, दिसलें शून्य. दिसले असते, तर तारा निर्दोष व सेन्सर सदोष असें ठरलें असतें. पुढें पहिलें टोक व बॅटरीचा ऋण खांब यांमध्यें मोजलें, तों ५ व्होल्ट आले. म्हणजे जाणारी तार शाबूत, परतणारी तुटली. बॅटरी सोडून ती तार हातानें चांचपत गेलों, तों एका लोखंडी पट्टीजवळ तिची चिमटी गळून पडलेली आढळली. हादऱ्यानें आवरण घासून आंतील तांबें तुटलें होतें. स्वच्छ तांबें लागेपर्यंत तार कापली, डाख दिला, वर आवरण चढविलें व नवी चिमटी बसविली. जुना सेन्सर परत लावला; दिवा विझला. तोंवर निम्मी पेरणी मात्र शेजाऱ्याच्या बैलांनींच आटोपली होती.

यंत्रांतील संगणक एकमेकांस जोडणाऱ्या दोन पिळलेल्या तारांचाहि एक सोपा ताळा आहे. बॅटरी सोडून तपासणीच्या जोडावर त्यांचा विरोध मोजावा. तो सुमारें ६० ओम असावा, कारण दोन टोकांस १२० ओमचे दोन विरोधक असतात. १२० दिसल्यास एक विरोधक किंवा तार तुटली. शून्याजवळ दिसल्यास दोन तारा एकमेकींस भिडल्या.

टाळावयाच्या गोष्टी

तारेच्या आवरणांत सुई खुपसूं नये. त्या भोंकांतून पाणी शिरतें. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्यापूर्वीं बॅटरी व संगणकाचे जोड सोडावे. काजळी जळत असतां यंत्र पऱ्हाट्यांच्या किंवा वाळल्या गवताच्या ढिगाजवळ उभें करूं नये.

युरियाच्या द्रावणाविषयीं तर विशेष सावध राहावें. त्यांत ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया व बाकी निर्मळ केलेलें पाणी असतें. खताचा युरिया निंबोळी तेल चोपडलेला असतो. तो आपल्या खारपाणपट्ट्यांतील विहिरीच्या पाण्यांत कालवून टाकीत ओतणें म्हणजे महागड्या उत्प्रेरकाचा घात करणें होय. वऱ्हाडच्या उन्हांत हें द्रावण लौकर बिघडतें. म्हणून तें सावलींत, गरजेपुरतेंच ठेवावें.

आमचें सांगणें इतकेंच, कीं कारागिरानें एखादा भाग बदलण्यास सांगितलें, तर 'दुसरा आंकडा कोणता, आणि तार मोजली काय?' हे दोन प्रश्न आधीं विचारावे. मल्टिमीटर थोडक्या पैशांत मिळतो. वापसा मात्र कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं.