जुनी एसयूव्ही घेताय? आधी गाडीखालचे डाग बघा

आपल्या समाजातील अनेक तरुण साठवलेल्या पैशांतून जुनी बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा टवेरा घेऊन भाड्याने चालवतात. हीच गाडी महिनाभरात गॅरेजला लागली तर घरखर्च अडतो. म्हणून सौद्याआधी एवढं बघाच, असं आम्ही सांगतो.

गाडी रात्रभर उभी होती ती जागा पाहा, किंवा खाली पुठ्ठा टाकून ठेवा. काळपट डाग म्हणजे बहुधा इंजिन ऑइल. हिरवा किंवा गुलाबी, चिकट, गोडसर वासाचा डाग कूलंटचा. लालसर असेल तर पॉवर स्टिअरिंग तपासा. मागच्या एक्सलखाली घट्ट, उग्र वासाचं तेल दिसलं तर डिफरन्शिअलचं सील गेलेलं असू शकतं. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, पिवळसर ओल असेल तर ते ब्रेक ऑइल समजा. अशी गाडी चालवूच नका. एसीचं स्वच्छ पाणी मात्र दोष नव्हे.

इंजिन थंड असताना ऑइलचं झाकण उघडा. आत दुधाळ थर, कमी होणारं कूलंट आणि न थांबणारा पांढरा धूर, हे तिन्ही असेल तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्या. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय.

नुकतंच धुतलेलं इंजिन गळती लपवतं. 10-15 किलोमीटर चालवून पुन्हा खाली बघा.

विकणाऱ्या भावांनाही सांगणं आहे: मालातला ऐब लपवून विकणं इस्लाममध्ये जायज नाही. गळती सांगा, दोन पैसे कमी घ्या. कमाई हलाल राहील.