निरंकाराची राई आणि रानजायफळाचा वृक्ष

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील बांबर येथे निरंकार देवाची राई आहे. राईतून वाहणाऱ्या व्हाळामुळे तेथील भूमी सदैव ओली असते. या दलदलीत रानजायफळाचे दुर्मिळ वृक्ष उभे आहेत. वनस्पतिशास्त्रात या वृक्षास मिरिस्टिका मॅग्निफिका असे नाव आहे. आपल्या नित्य वापरातील जायफळ ज्या कुळातले, त्याच कुळातील हा वृक्ष केवळ पश्चिम घाटात आढळतो व तो संकटग्रस्त गणला जातो.

चिखलात मुळांना पुरेसा प्राणवायू मिळत नाही. म्हणून अशा दलदलीतील वृक्षांची मुळे जमिनीच्या वर येऊन श्वसन करतात. काही बुंध्यापासून फुटून खोडास आधार देतात, तर काही गुडघ्यासारखी वाकून पुन्हा मातीत शिरतात. या दलदलींचे वर्णन सर्वप्रथम १९६० साली त्रावणकोर भागातून प्रसिद्ध झाले. अशा बहुतेक जागा कुळागरे व भातशेतीसाठी मोडल्या गेल्या, कारण वर्षभर पाणी असलेली जमीन सर्वांनाच हवी असते.

हा वृक्ष वाचवण्यासाठी केवळ रोपे लावून भागत नाही. त्याचे बी मोठे असते व वाळताच निर्जीव होते, म्हणून ते साठवून ठेवता येत नाही. नर व मादी वृक्ष वेगवेगळे असल्याने दोन्ही जवळपास असावे लागतात. बी दूरवर नेण्यास धनेशासारखे पक्षी लागतात. आणि या सर्वांच्या मुळाशी व्हाळाचे पाणी आहे. ते वळवले, तर एकावरही कुऱ्हाड न चालवता हे वृक्ष नाहीसे होतील.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील हेवाळे-बांबर्डे येथील अशीच देवराई महाराष्ट्र शासनाने २०२१ साली जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केली. मात्र शासनाच्या घोषणेपूर्वी पिढ्यान्पिढ्या तिचे रक्षण केले ते ग्रामस्थांच्या श्रद्धेने.

आज श्रद्धा आहे, परंतु तिचे रूप बदलत आहे. जीर्णोद्धार करताना अंगण वाढवावे, फरशी घालावी, झऱ्यास सिमेंटने बांधून काढावे, पालापाचोळा झाडून जागा स्वच्छ करावी, असे भक्तिभावानेच सुचवले जाते. राईत मात्र पालापाचोळा हीच रोपांची शय्या आहे.

ज्या देवस्थानांच्या भोवती राई शिल्लक आहे, तेथील विश्वस्तांनी व भाविकांनी कोणतेही बांधकाम ठरवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: यामुळे पाण्याची वाट अडते काय? उत्तर होय असेल, तर ते काम न करणे हीच देवाची सेवा होय.