गुरुवारची सतरंजी

आमच्या मुक्ताईनगरात बायकांचं भजनी मंडळ नाही अशी गल्ली शोधावी लागेल. मुक्ताईचंच गाव ना हे! टाळ घेऊन कुणाच्या ओसरीवर जमायचं आम्हाला नवं नाही. पण ख्रिस्ती घरातली अशी बैठक मी पहिल्यांदा पाहिली ती भुसावळला. बचत गटाच्या कामासाठी एका मैत्रिणीकडे गेले होते. ती म्हणाली, "ताई, आज गुरुवार, आमची कॉटेज मीटिंग आहे. बसा ना."

बसले. सतरंजीवर दहा-बारा जणी, दोन-तीन पुरुष, दाराशी चपलांचा ढीग. दोन गाणी झाली. एकीने पवित्र शास्त्रातला उतारा अडखळत वाचला, कुणी हसलं नाही. मग आठवडा कसा गेला ते प्रत्येकीने सांगितलं. कुणाचा मुलगा दहावीत राहिला, कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली. त्यासाठी प्रार्थना झाली. रविवारी चर्चमध्ये पाळक बोलतात आणि बाकीचे ऐकतात. इथे सगळ्याच बोलत होत्या. मध्येच मैत्रीण म्हणाली, "कोपऱ्यावरची दोन गुरुवार आली नाही." चर्चच्या बाकांवर एखादी जागा रिकामी राहिली तर पटकन लक्षात येत नाही. सतरंजीवर लगेच येते. सभा संपताच दोघी तिच्याकडे गेल्या.

ही रीत फार जुनी. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांकडे चर्चच्या इमारती कुठे होत्या? ते घरातच जमत. तंबू बनवणारं जोडपं प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला, त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला पौलाने पत्रातून सलाम सांगितला आहे. फिलिप्पै शहरात पौलाला घर उघडून दिलं ते लुदियाने. ही बाई जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करायची.

मला सगळ्यात गंमत वाटली ती इंग्लंडमधल्या गोष्टीची. 1742 साली ब्रिस्टलला जॉन वेस्ली यांच्या लोकांवर प्रार्थनागृहाचं कर्ज होतं. ठरलं, दर माणशी आठवड्याला एक पेनी. बारा जणांमागे एक गोळा करणारा. तो घरोघर जाऊ लागला, तसं कोण आजारी, कुठे भांडण, सगळं कळायला लागलं. मग याच गटांच्या दर आठवड्याला बैठका सुरू झाल्या. पुढे कित्येक गट बायकांनी चालवले. आमचा बचत गट तरी वेगळा काय! वर्गणी राहते बाजूला, बोलणंच जास्त.

आपल्याकडे 1895 साली ख्रिस्ती झालेल्या ना. वा. टिळकांनी अभंगांच्या धाटणीची ख्रिस्ती भजनं लिहिली. पियानो नसलेल्या घरातही टाळावर म्हणता येतील अशी. 1917 मध्ये साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या मैत्रिणींना त्यांचं सदा माणसांनी भरलेलं घर आठवेल.

सगळं गोडच असतं असं नाही हं. घरात सांगितलेलं गावभर व्हायला वेळ लागत नाही. शिवाय पाळीने सभा घ्यायची म्हणजे खर्च आला. एकीने चहा-बिस्किटं दिली की दुसरी समोसे आणते, तिसरी त्याहून वर!

त्या दोघी परत आल्या तेव्हा हेच कळलं. पुढचा गुरुवार कोपऱ्यावरचीचा होता. नवऱ्याचं काम सुटलेलं, घरात दूधसुद्धा उधारीचं. सांगायची लाज वाटली, म्हणून येणंच बंद केलं.

पुढच्या गुरुवारी सभा तिच्याचकडे झाली. मी नव्हते, मैत्रिणीने फोनवर सांगितलं. सगळ्यांना कोरा चहा होता म्हणे, आणि आता सगळ्यांकडे तेवढाच.